न थांबणारा मासा आणि न ठरलेले वाटे

बांगडा आणि सुरमई ज्या मत्स्यकुळात मोडतात त्याच स्कॉम्ब्रिडी कुळात ट्यूना माशांचाही समावेश होतो, आणि या कुळातील पन्नासच्या आसपास जातींपैकी पंधरा जातींना प्राणिशास्त्रात ट्यूना म्हटले जाते. कोकण किनाऱ्यावर कुपा, गेदर अशा नावांनी जी मासळी विकली जाते ती मुख्यतः यांपैकी किनाऱ्याजवळ वावरणाऱ्या जातींची असते. नावे बंदरागणिक बदलतात, आणि सुरमई-पापलेटच्या मानाने या मासळीला भाव कमी मिळत असल्यामुळे तिची नेमकी जात कोणती याची चौकशी सहसा कोणी करत नाही. जगाच्या बाजारात मात्र सारा व्यवहार जातीवर चालतो. तेथे सात जाती प्रमुख मानल्या जातात: आकाराने लहान आणि पोटावर काळे पट्टे असलेला स्किपजॅक, पिवळ्या परांचा यलोफिन, मोठ्या डोळ्यांचा बिगआय, छातीचे पर लांबलचक असलेला अल्बाकोर, आणि अटलांटिक, पॅसिफिक व दक्षिणी असे तीन ब्लूफिन. या सात जातींची जगभरातील वार्षिक पकड सुमारे ५० लाख टन असून तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या स्किपजॅकचा आहे. वृत्तपत्रांतून गाजतो तो ब्लूफिन; जानेवारी २०१९ मध्ये टोकियोच्या तोयोसू बाजारात वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक पॅसिफिक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनना विकला गेला तेव्हा ती बातमी जगभर छापून आली. परंतु असे लिलाव पुष्कळसे जाहिरातीसाठी असतात, आणि जगातील बहुतेक ग्राहकांच्या ताटात जो ट्यूना पडतो तो डबाबंद स्किपजॅक असतो. ट्यूनाच्या भवितव्याची चर्चा करताना या दोन माशांची गल्लत होते आणि एकाच्या दुर्दशेवरून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढले जातात, म्हणून हा भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा.

ट्यूनाच्या शरीररचनेतील सर्व वैशिष्ट्यांच्या मुळाशी त्याचे अखंड पोहणे आहे. बहुतेक मासे तोंडात पाणी घेऊन कल्ल्यांवरची झाकणे हलवत ते बाहेर लोटतात आणि त्यामुळे एका जागी स्थिर राहूनही त्यांना श्वास घेता येतो. ट्यूनाने ही पंपासारखी यंत्रणा जवळजवळ गमावलेली असून तो तोंड किंचित उघडे ठेवून पुढे पोहतो तेव्हाच पाणी त्याच्या कल्ल्यांवरून वाहते. पोहणे थांबले तर प्राणवायूचा पुरवठा थांबतो. शिवाय स्किपजॅकसारख्या काही जातींना वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगत राहण्यास मदत करणारी हवेची पिशवी, नसतेच, त्यामुळे छातीचे पर पंखांसारखे पसरून पुढे जात राहिले नाही तर हा मासा बुडू लागतो. जन्मल्यापासून मरेपर्यंत रात्रंदिवस चालणाऱ्या या प्रवासाला साजेसे त्याचे शरीर घडले आहे: दोन्ही टोकांना निमुळते आणि मध्ये भरीव असे घट्ट अंग, चंद्रकोरीच्या आकाराची ताठ शेपटी, शेपटीच्या देठाशी दोन्ही बाजूंना कठीण कंगोरे, आणि वेगात असताना पाठीवरचा पर मिटून बसावा यासाठी अंगातच तयार झालेली खाच. पाठीवरचे आणि पोटाखालचे मागचे पर किती ताठ उभारायचे हे लसिकावाहिन्यांतील द्रवाच्या दाबाने नियंत्रित होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत लसिकासंस्थेचा असा यांत्रिक उपयोग त्यापूर्वी कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

मासे थंड रक्ताचे असतात हे शालेय पुस्तकातील वाक्य ट्यूनाला लागू पडत नाही. जॉन डेव्ही या ब्रिटिश वैद्याने १८३५ मध्येच या माशांचे अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा लक्षणीय उबदार असल्याची नोंद केली होती, पण त्यामागची शरीरक्रिया उलगडण्यासाठी फ्रँक केरी आणि जॉन टील यांच्या १९६६ च्या संशोधनापर्यंत वाट पाहावी लागली. सामान्य माशांत स्नायूंच्या हालचालीतून निर्माण झालेली उष्णता रक्ताबरोबर कल्ल्यांपर्यंत जाते आणि तेथे पाण्याशी संपर्क येताच नाहीशी होते. ट्यूनाच्या अंगात, दीर्घकाळ न थकता काम करणारे तांबडे स्नायू कातडीलगत नसून आत, कण्याच्या जवळ असतात, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या व त्यांच्याकडून परतणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या एकमेकींना चिकटून दाट जाळ्यासारख्या रचलेल्या असतात. स्नायूंकडून परतणारे उष्ण रक्त आणि कल्ल्यांकडून येणारे थंड रक्त या जाळ्यात विरुद्ध दिशांनी वाहते, पहिल्यातील उष्णता दुसऱ्याला मिळते, आणि ती कल्ल्यांपर्यंत पोचण्याआधीच स्नायूंकडे परत फिरते. मोठ्या ब्लूफिनचे स्नायू अशा प्रकारे भोवतालच्या पाण्यापेक्षा दहा अंश सेल्सिअसहूनही अधिक उबदार राहू शकतात. उबदार स्नायू जलद आकुंचन पावतात, उबदार जठर जलद पचवते, आणि ब्लूफिनच्या बाबतीत डोळे व मेंदूही उबदार राहत असल्याने थंड पाण्यातील चपळ भक्ष्य त्याच्या दृष्टीतून सहजी निसटत नाही.

या व्यवस्थेत एक उणीव राहून गेली आहे. हृदय उष्णता राखणाऱ्या जाळ्याच्या बाहेर असल्यामुळे त्याचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते, आणि मासा थंड खोल पाण्यात उतरला की स्नायू उबदार असूनही हृदयाची गती मंदावते. खोलवर किती वेळ राहता येईल हे त्यामुळे स्नायूंपेक्षा हृदयावर अवलंबून असते. स्किपजॅक म्हणूनच वरच्या उबदार थरांत रमतो, तर बिगआय दिवसा तीनशे ते पाचशे मीटर खोल उतरून माकुल व छोटे मासे खातो आणि अधूनमधून ऊब घेण्यासाठी वर येतो. मासेमारीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कोणता मासा कोणत्या साधनाला सापडणार हे बऱ्याच अंशी या खोलीवरून ठरते.

ट्यूनाचे मांस लाल दिसते ते स्नायूंत प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनामुळे. त्याच मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्लही विपुल असते, आणि मासा मेल्यावर तो उन्हात पडून राहिला तर जीवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. असा मासा खाल्ल्यास अंगावर पुरळ, डोकेदुखी, धडधड अशी लक्षणे उद्भवतात, आणि शिजवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. बांगड्यालाही हेच लागू आहे. पकडलेल्या ट्यूनाचे अंग झटापटीने आणखी तापलेले असल्यामुळे त्याला तत्काळ बर्फात घालणे हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. साशिमीसाठी, म्हणजे कच्चा खाण्यासाठी, पकडलेला ट्यूना जपानी जहाजांवर उणे ६० अंशांच्या आसपास गोठवला जातो.

आयुष्यक्रमाच्या बाबतीत या कुळातील भावंडांत मोठे अंतर आहे. स्किपजॅक वर्ष-दीड वर्षात, चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीचा असतानाच प्रजननक्षम होतो आणि उष्ण कटिबंधातील पाण्यात जवळजवळ वर्षभर अंडी घालतो. यलोफिनला त्यासाठी दोन-तीन वर्षे लागतात. दक्षिणी ब्लूफिन मात्र दहा-बारा वर्षांचा झाल्यावर प्रजननक्षम होतो, चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो, आणि त्याची अंडी घालण्याची जागा साऱ्या पृथ्वीवर एकच आहे: जावा बेट आणि वायव्य ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यानचा हिंदी महासागराचा पट्टा. सर्वच जातींची मादी एका वेळी लाखो अंडी सोडते, ती जेमतेम एक मिलिमीटर व्यासाची असतात, दिवसभरात किंवा थोड्या अधिक वेळात फुटतात, आणि त्यांतून निघालेल्या पिल्लांपैकी अगदी नगण्य भाग प्रौढावस्थेपर्यंत पोचतो. म्हणून एखाद्या वर्षी पिल्लांच्या जगण्याचे प्रमाण किंचित वाढले तरी काही वर्षांनी पकडीत मोठी वाढ दिसते, आणि किंचित घटले तर मोठी घट दिसते. मासेमारीचे परिणाम या नैसर्गिक चढउतारांत मिसळून गेलेले असतात, आणि ते वेगळे काढणे हे मत्स्यशास्त्रातील सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे.

हे मासे किती दूर जातात याचा अनपेक्षित पुरावा २०११ मध्ये मिळाला. त्या वर्षी मार्चमध्ये जपानच्या फुकुशिमा अणुऊर्जा केंद्रात अपघात झाला, आणि ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळ पकडलेल्या पॅसिफिक ब्लूफिनच्या मांसात सीझियम-१३४ हे अल्पायुषी किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात आढळले. मानवी आरोग्यास त्यापासून धोका नव्हता, परंतु जपानच्या समुद्रात जन्मलेले हे तरुण मासे पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला पोचतात ही गोष्ट त्यावरून निर्विवाद ठरली. आयुष्यात दोन खंडांच्या किनाऱ्यांवर वावरणाऱ्या अशा माशावर कोणत्या एका देशाने हक्क सांगायचा? ट्यूनाच्या शाश्वततेचा प्रश्न वस्तुतः येथून सुरू होतो. त्याची जननक्षमता, वाढीचा वेग, शिकारीच्या साधनांची क्षमता हे सारे मोजता येते आणि त्यावरून वर्षाला किती पकड परवडेल याचा हिशेबही मांडता येतो. अडते ते त्या पकडीचे वाटे ठरवताना.

हा हिशेब कसा मांडतात ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एखाद्या महासागरात एकमेकांत प्रजनन करणारा माशांचा जो समूह असतो त्याला साठा म्हणतात. मुळीच मासेमारी नसताना हा साठा जेवढा असता तेवढा तो मासेमारी सुरू झाल्यावर राहत नाही, पण संख्या घटल्याने उरलेल्या माशांना अन्न अधिक मिळून नवी भर वेगाने पडते, आणि ही भर सर्वाधिक असते त्या पातळीवर साठा ठेवला तर वर्षानुवर्षे जास्तीत जास्त मासे काढता येतात. याला कमाल शाश्वत उत्पादन म्हणतात. साठा या पातळीच्या खाली गेला तर तो अतिशोषित ठरतो. ही सारी गणिते पकडीच्या नोंदी, माशांची लांबी, आणि जहाजांना ठरावीक श्रमात किती मासे मिळाले या आकड्यांवर उभी असल्यामुळे नोंदी सदोष असतील तर निष्कर्षही डळमळीत होतात, याचे उदाहरण पुढे येईलच.

साधनांपैकी सर्वांत जुने आणि आजही सर्वांत निर्दोष मानले जाणारे साधन म्हणजे काठी आणि गळ. मालदीवमध्ये ही पद्धत कित्येक शतकांपासून चालत आली असून चौदाव्या शतकात तेथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने तेथून भारत, चीन आणि येमेनकडे सुकवलेले मासे निर्यात होत असल्याचे लिहून ठेवले आहे. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर मालदीवच्याच भाषाकुळातील महल भाषा बोलणारे लोक हीच परंपरा चालवतात. खाजणातील उथळ पाण्यात पकडलेले छोटे मासे नावेतील टाकीत जिवंत ठेवायचे, स्किपजॅकचा थवा दिसताच ते मूठमूठ पाण्यात उधळायचे, वरून पाण्याचे तुषार उडवायचे, आणि आमिषाच्या नादाने खवळलेला थवा नावेभोवती आला की आखूड दोरीच्या काठ्यांनी एकेक मासा उचलून मागे टाकायचा, असे हे काम आहे. गळाला काटा नसल्यामुळे मासा नावेत पडताच सुटतो. उकडून, धुरावून आणि उन्हात सुकवून केलेला मास हा टिकाऊ पदार्थ दोन्ही ठिकाणी याच माशापासून बनतो. या पद्धतीत कासव, शार्क किंवा डॉल्फिन सापडत नाहीत. तिची मर्यादा आमिषाची आहे, कारण खाजणांतील छोटे मासे संपले तर स्किपजॅकचा थवा समोर असूनही नाव रिकामी परतते.

दुसरे साधन लाँगलाइन, म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीच्या मुख्य दोरीला ठरावीक अंतरावर उपदोऱ्या आणि गळ बांधून ती समुद्रात सोडणे. खोल पाण्यातले मोठे बिगआय आणि यलोफिन यात मिळतात, आणि त्यांच्याबरोबर शार्क, समुद्री कासवे व समुद्रपक्षीही अडकतात. तिसरे साधन पर्ससीन. रत्नागिरी-सिंधुदुर्गात या शब्दाभोवती पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांचा वाद अनेक वर्षे धुमसत असून राज्य सरकारने २०१६ मध्ये या जाळ्यांवर कडक निर्बंध घातले, परंतु ट्यूनासाठी वापरली जाणारी पर्ससीन जहाजे कोकणातल्या नौकांच्या मानाने अजस्र असतात. थव्याभोवती दीड-दोन किलोमीटर लांबीचे जाळे टाकून बटव्याची नाडी ओढावी तसा त्याचा तळ आवळला जातो आणि एका खेपेत शेकडो टन मासे हाती लागू शकतात. जगातील सर्वाधिक ट्यूना याच जाळ्यांत सापडतो.

पर्ससीनचे रूप गेल्या तीन-चार दशकांत पालटले ते तरंगत्या सापळ्यांमुळे. समुद्रात वाहत आलेल्या ओंडक्याखाली मासे जमतात हे सर्व उष्ण कटिबंधीय समुद्रांतील मच्छीमारांना पूर्वापार ठाऊक होते. त्या ज्ञानाचा आधार घेऊन बांबूचे किंवा प्लास्टिकचे तराफे, त्यांखाली लोंबणाऱ्या जाळ्यांच्या शेपट्या, आणि वर उपग्रहाशी जोडलेला तरंगक अशी साधने हजारोंच्या संख्येने समुद्रात सोडली जाऊ लागली. या तरंगकात ध्वनिलहरींनी माशांचा अंदाज घेणारे यंत्रही असते, त्यामुळे कोणत्या तराफ्याखाली किती मासे जमले आहेत हे जहाजाच्या तांडेलाला शेकडो किलोमीटर दूर बसून कळते. अडचण अशी की स्किपजॅकबरोबर यलोफिन आणि बिगआय यांची लहान पिल्लेही तराफ्याखाली येतात. मोठा बिगआय खोलवर असल्याने पर्ससीनच्या आवाक्याबाहेर राहतो, परंतु त्याचेच पिल्लू वरच्या थरात स्किपजॅकच्या थव्यात सापडते आणि एकदाही अंडी न घालता डब्यात जाते. स्किपजॅक सशक्त आणि बिगआय अशक्त असा पेच अनेक ठिकाणी उभा राहतो तो यामुळे. दोन्ही मासे एकाच जाळ्यात येत असताना एकाला वाचवून दुसऱ्याला पकडायचे कसे, याचे तांत्रिक उत्तर अद्याप अपुरे आहे. वर्षातील काही काळ तराफ्यांवरील मासेमारी बंद ठेवणे हा प्रमुख प्रचलित उपाय आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता, १९७० च्या दशकात किनारी देशांनी २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर हक्क प्रस्थापित करायला सुरुवात केली, भारताने १९७६ मध्ये तसा कायदा केला, आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात या व्यवस्थेला मान्यता मिळाली. अमेरिकेने मात्र दूरवर स्थलांतर करणारा ट्यूना कोणाही किनारी देशाच्या मालकीचा होऊ शकत नाही अशी भूमिका घेतली होती, आणि अमेरिकी पर्ससीन जहाजे पॅसिफिकमधील द्वीपराष्ट्रांच्या हद्दीत बिनपरवाना मासेमारी करीत. १९८४ मध्ये सॉलोमन द्वीपसमूहाने जीनेट डायना हे अमेरिकी जहाज जप्त केले तेव्हा अमेरिकेने उलट सॉलोमनच्या मासळीवरच आयातबंदी घातली. पुढच्याच वर्षी किरिबातीने सोव्हिएत संघाशी मासेमारीचा करार केला. शीतयुद्धाच्या त्या काळात ही गोष्ट वॉशिंग्टनला झोंबली आणि १९८७ मध्ये अमेरिका द्वीपराष्ट्रांशी शुल्क देऊन करार करण्यास तयार झाली. जीवशास्त्रीय युक्तिवादाने जे साधले नव्हते ते राजकीय धास्तीने साधले.

त्याआधीच, १९८२ मध्ये, किरिबाती, नाउरू, पापुआ न्यू गिनी, मायक्रोनेशिया, मार्शल बेटे, पलाऊ, सॉलोमन आणि पुढे सामील झालेला तुवालू यांच्या सहकार्याचा पाया नाउरू करारातून घातला गेला होता. जगातील निम्म्याहून अधिक ट्यूना पश्चिम व मध्य पॅसिफिकमधून येतो आणि त्यातील पर्ससीनच्या पकडीचा मोठा भाग या आठ देशांच्या हद्दींतून येतो, तरीही प्रत्येक देश वेगळा वाटाघाटीला बसत असल्याने दूरदेशीच्या कंपन्यांकडून त्यांना नाममात्र शुल्क मिळत असे. २००७ पासून या देशांनी जहाज-दिवस ही व्यवस्था सुरू केली. वर्षभरात सर्व पर्ससीन जहाजांनी मिळून एकूण किती दिवस मासेमारी करायची ते आधी ठरवायचे, ते दिवस आठ देशांत वाटायचे, आणि प्रत्येक देशाने आपले दिवस किमान ठरावीक दराने विकायचे. हा किमान दर पुढे दिवसाला ८,००० अमेरिकी डॉलरपर्यंत गेला, या देशांचे मिळून उत्पन्न २०१० च्या सुमारास वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर होते ते दशकाभरात ५० कोटींच्या घरात पोचले, आणि पर्ससीन जहाजांवर निरीक्षक ठेवणे बंधनकारक झाले. या भागातील स्किपजॅक, यलोफिन, बिगआय आणि अल्बाकोर हे चारही साठे आज सुस्थितीत आहेत. येथे मासा वाचला तो दयाबुद्धीने नव्हे. मासा कमी झाला तर दिवसाचा भाव कोसळेल हे प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक होते. या घडीला धोका आहे तो हवामानाचा: एल निनोच्या वर्षी उबदार पाण्याचा पट्टा पूर्वेकडे सरकतो तसा स्किपजॅकही सरकतो, आणि तापमानवाढ अशीच चालू राहिली तर या शतकाच्या मध्यापर्यंत पकडीचा बराच भाग या देशांच्या हद्दींबाहेर खुल्या समुद्रात जाईल असा संशोधकांचा अंदाज आहे. अंदाज खरा ठरल्यास ज्यांनी प्रदूषणात जवळजवळ काहीच भर घातली नाही त्यांचेच उत्पन्न बुडेल.

अटलांटिक ब्लूफिनची कथा याच्या उलट्या टोकाने सुरू होते. उत्तर अमेरिकेत कधीकाळी मांजरांच्या खाद्यात जाणारा हा मासा १९७० च्या दशकात विमानाने टोकियोला जाऊ लागला आणि त्याचा भाव गगनाला भिडला. अटलांटिकच्या ट्यूना आयोगाने भूमध्य समुद्र व पूर्व अटलांटिकसाठी २००७ मध्ये २९,५०० टनांची मर्यादा घातली होती, तर त्या वर्षीची प्रत्यक्ष पकड सुमारे ६१,००० टन असावी असा आयोगाच्याच शास्त्रज्ञांचा अंदाज होता. २०१० मध्ये दोहा येथे मोनॅकोने या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला तो फेटाळला गेला. परंतु बंदीच्या भीतीने आयोग हलला. मर्यादा २०११ मध्ये १२,९०० टनांवर आणली गेली, ३० किलोपेक्षा लहान मासा बहुतांशी वर्ज्य ठरला, हंगाम आखडला गेला, प्रत्येक पर्ससीन जहाजावर निरीक्षक आले, आणि प्रत्येक माशाबरोबर बाजारापर्यंत कागदपत्र सक्तीचे झाले. त्याच सुमारास पिल्लांच्या काही चांगल्या पिढ्या मोठ्या झाल्याने साठा अपेक्षेपेक्षा लवकर सावरला. मर्यादा २०२३ मध्ये ४०,५७० टनांपर्यंत वाढवता आली, आणि त्याआधी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या माशाला धोक्यात असलेल्या जातींच्या यादीतून बाहेर काढले होते. पॅसिफिक ब्लूफिनचा साठा तर मूळ साठ्याच्या दोन-तीन टक्क्यांवर घसरला होता. २०३४ साठी ठेवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट त्याने २०२१ मध्येच गाठल्याचे २०२४ च्या मूल्यमापनात दिसले. ट्यूना फार नाजूक असल्याची समजूत या दोन उदाहरणांनी खोटी पाडली आहे.

हिंदी महासागराचे चित्र असे रेखीव नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेला, सेशेल्समधील व्हिक्टोरिया येथे मुख्यालय असलेला हिंदी महासागर ट्यूना आयोग येथील पकडीचे नियमन करतो आणि भारत त्याचा सदस्य आहे. इतर महासागरांत ट्यूना मुख्यतः औद्योगिक जहाजे पकडतात, तर येथे जवळजवळ निम्मी पकड इराण, ओमान, पाकिस्तान, भारत, श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया अशा किनारी देशांच्या लहान-मध्यम नौकांची आहे. त्यामुळे नोंदी अपुऱ्या आणि देखरेख विरळ. मालदीवच्या पुढाकाराने २०१६ मध्ये आयोगाने स्किपजॅकसाठी आधीच ठरवलेले सूत्र स्वीकारले, त्यानुसार २०१८ ते २०२० या वर्षांसाठी दरवर्षी ४,७०,०२९ टनांची मर्यादा निघाली, आणि पहिल्याच वर्षी प्रत्यक्ष पकड ६ लाख टनांच्या पुढे गेली. कोणीही नियम मोडला असे म्हणता येईना, कारण एकूण आकडा ठरला होता, कोणाचा वाटा किती हे ठरले नव्हते. सुदैवाने अनुकूल पर्यावरणामुळे स्किपजॅकचा साठा नंतरच्या मूल्यमापनातही सशक्तच आढळला, पण या सुदैवाचे श्रेय आयोगाला देता येणार नाही.

यलोफिनच्या बाबतीत २०१५ पासून साठा अतिशोषित मानला गेला, कपातीचे ठराव झाले, आणि २०२१ च्या सुधारित ठरावाला भारतासह काही किनारी देशांनी हरकत घेऊन तो स्वतःला लागू होऊ दिला नाही. नंतर डिसेंबर २०२४ मध्ये शास्त्रीय समितीने नव्या मूल्यमापनाच्या आधारे हा साठा अतिशोषित नसल्याचे सांगितले. दहा वर्षांची चिंता एका अहवालाने मिटली असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बदलाचे एक मोठे कारण लाँगलाइन जहाजांच्या आकडेवारीचे नव्याने केलेले विश्लेषण हे होते, आणि एवढ्या मोठ्या निष्कर्षाची दिशा ज्या आकड्यांवर फिरते ते आकडे गोळा करण्याकडे सदस्य देशांनी केलेले दुर्लक्ष त्यामुळे अधिकच ठळक होते. तराफ्यांचा प्रश्नही असाच लोंबकळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोंबासा येथील विशेष बैठकीत त्यांच्यावरील मासेमारी वर्षातून ७२ दिवस बंद ठेवण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. आयोगाच्या नियमानुसार एक-तृतीयांशाहून अधिक सदस्यांनी हरकत घेतल्यास ठराव कोणालाच बंधनकारक राहत नाही, आणि युरोपीय संघासह तेवढ्या सदस्यांनी हरकती नोंदवल्या.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा या साऱ्याशी संबंध दोन बाजूंनी येतो. एकीकडे, मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था अनेक दशके लाँगलाइन जहाजांनी खोल समुद्रातील ट्यूनाचा शोध घेत आली आहे, पण प्रत्यक्षात त्या पाण्यात स्वतःच्या बळावर गेलेले मच्छीमार म्हणजे कन्याकुमारी जिल्ह्यातील तूथूरचे लोक, जे आठवडेच्या आठवडे समुद्रात राहून अरबी समुद्रभर फिरतात. दुसरीकडे, गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर गिलनेटमध्ये, म्हणजे माशाचे डोके शिरून कल्ल्याशी अडकावे अशा पडद्यासारख्या तरत्या जाळ्यात, सापडणारी लांब शेपटीच्या ट्यूनाची आणि गेदरची पकड आहे. बड्या जहाजांच्या पर्ससीनवर टीका करणाऱ्या किनारी देशांना अडचणीत आणणारा मुद्दा येथे दडलेला आहे. हिंदी महासागरातील ट्यूनासाठीच्या गिलनेटमध्ये १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख डॉल्फिन व अन्य लहान जलसस्तन प्राणी मेले असावेत असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. लहान नौका म्हणजे निरुपद्रवी मासेमारी हे समीकरण या आकड्यापुढे टिकत नाही. यावरचा उपाय मात्र आश्चर्यकारकरीत्या साधा निघाला: पाकिस्तानच्या मच्छीमारांनी जाळे पाण्याच्या पृष्ठभागावर न ठेवता सुमारे दोन मीटर खाली सोडून पाहिले तेव्हा डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण बरेच घटले, आणि ट्यूनाच्या पकडीत लक्षणीय तूट आली नाही.

वाट्यांचा प्रश्न आयोगापुढे २०११ पासून चर्चेत आहे. कोणत्या देशाने पूर्वी किती पकडले यावर वाटा ठरवावा असे दूरदेशीच्या ताफ्यांचे म्हणणे आहे, कारण नोंदी त्यांच्या बाजूने आहेत. किनारी देशांचे म्हणणे असे की युरोपीय जहाजाने सेशेल्स किंवा सोमालियाच्या हद्दीत पकडलेला मासा त्या जहाजाच्या झेंड्याच्या खात्यावर न टाकता ज्याच्या हद्दीत तो सापडला त्या देशाच्या खात्यावर टाकला पाहिजे, आणि ज्यांचा ताफा अजून उभाच राहिला नाही त्यांच्यासाठीही वाटा राखून ठेवला पाहिजे. भारताची गणना याच दुसऱ्या गटात होते. खोल समुद्रात जाण्याची आकांक्षा मोठी आणि पकडीचा इतिहास तुटपुंजा, त्यामुळे जुन्या पकडीवर वाटे पडले तर त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. आणि वाटेच पडले नाहीत तर मर्यादा कागदावर राहते, जशी ती स्किपजॅकच्या बाबतीत राहिली.